शेवटचा आकडा

"बाई, हे वजन तुम्ही पास केलंत?"

साहेबांनी पितळी वजन तिच्या टेबलावर ठेवलं. औषधांच्या कारखान्यातून ते परत आलं होतं, चार मिलिग्रॅम हलकं भरलं म्हणून.

वजनमापं तपासणाऱ्या त्या कार्यालयात सत्तावीस वर्षं तिची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सगळे तिला मिलिग्रॅमबाई म्हणत. काचेच्या पेटीतल्या नाजूक काट्यासमोर ती बसली की आजूबाजूचे लोक श्वाससुद्धा बेताने घेत.

"सही माझीच आहे," ती म्हणाली. "चूकही."

"थोडे दिवस आवक-जावक बघा. तब्येत सुधारली की काट्याचं ठरवू."

साहेब रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते समजुतीने बोलले, आणि तेच तिला लागलं.

गळ्यातली थायरॉइड ग्रंथी कर्करोगासकट काढून सात महिने झाले होते. हल्ली भर दुपारी स्वेटर लागे, फणीत केसांचे झुपके येत, आणि काट्यावर वाचलेला आकडा वहीत उतरवेपर्यंत डोक्यातून निसटे. आजार परत आला, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. नवऱ्याला मात्र बोलली नव्हती. तो आपला थंडीला नावं ठेवत होता.

रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजार परत आलेला नाही. थायरॉइडची गोळी कशी घेता?"

"चहाबरोबर. कॅल्शियमचीही तेव्हाच, एकदम उरकून टाकते. कधी राहूनही जाते."

"राहते?" शेजारी बसलेला नवरा ताडकन वळला.

"अहो, शंभर मायक्रोग्रॅम औषध असतं त्यात. आमच्या काट्यावरचा अगदी शेवटचा आकडा. कुणी दार उघडलं तरी हलतो. आम्ही तो लिहीतसुद्धा नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "त्याच आकड्यावर तुम्ही चालताय, ताई. अंगातली ऊब, हृदयाचे ठोके, आठवण, सगळं. आजाराने पुन्हा डोकं वर काढू नये म्हणूनही तीच गोळी. रोज उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या. चहा तासाभराने, कॅल्शियम चार तासांनी."

घरी येईपर्यंत भीती ओसरली होती, पण तिच्या जागी आलेलं नवल काही केल्या आवरेना. ज्या आकड्याकडे तिने जन्मभर काणाडोळा केला, त्यात तिचं उठणं होतं, बसणं होतं, हसणं होतं. दारावरची पाटी न वाचता आपलं घर ओळखणंही होतं.

दुसऱ्या दिवसापासून गोळी घेतली की नवरा कप उपडा घालून घड्याळाकडे बघत बसे.

"तुम्ही घ्या ना चहा. तुमचं काय अडलंय?"

"एकट्याला गोड लागत नाही."

सहाव्या आठवड्यात एका सकाळी तिने पांघरूण लाथेने उडवलं. "उकडतंय हो."

"काय म्हणालीस?"

"उकडतंय."

"परत एकदा म्हण," तो म्हणाला, आणि खिडकी उघडायला गेला तो बराच वेळ पाठमोराच उभा राहिला.

साहेबांनी तिच्यापुढे पाच वजनं ठेवली. त्यातली दोन खोटी तिने दुपारच्या आत काढून दिली. "बसा तुमच्या जागेवर," एवढंच म्हणून ते गेले.

खोलीत आता ती एकटीच होती. चिमट्याने तिने एक ग्रॅमचं वजन उचललं आणि पेटीत ठेवून काच सरकवली. हिशोब तिने सकाळीच केला होता. रोज एक गोळी, अजून सत्तावीस वर्षं जगलं तरी लागणारं सगळं औषध एक ग्रॅमसुद्धा भरत नव्हतं. पुढच्या सगळ्या सकाळी, तासभर उशिराचे सगळे चहा, त्या एवढ्याशा वजनात मावत होते, वर थोडी जागा उरत होती.

शेवटचा आकडा थरथरत होता. तो ठरेपर्यंत ती श्वास रोखून थांबली. मग तिने वही ओढली, सवयीप्रमाणे सगळे आकडे लिहिले, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तोही लिहिला.