समरीनच्या चार ओळी

मित्रांनो, मी तळहाताएवढा एक जुना सर्किट बोर्ड आहे. माझा हिरवा रंग विटला आहे आणि एका कोपऱ्याला खाऱ्या हवेने गंज चढला आहे. एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे मला नारिंगी डब्यात बसवले आणि एकच काम शिकवले. समुद्रात संकट आले आणि कोणी बटण दाबले, की उपग्रहांकडून बोटीचे ठिकाण विचारून घ्यायचे आणि किनाऱ्याला कळवायचे.

रत्नागिरीत मांडवीला राहणाऱ्या गुलाम रसूल यांच्या मच्छीमार बोटीवर मी आलो. सुरुवातीला ते येईल त्याला मला कौतुकाने दाखवत. पुढे माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. सात वर्षे बटण दाबायची वेळच आली नाही.

मग गेल्या फेब्रुवारीत ती आली. खोल पाण्यात इंजिन बंद पडले आणि बोट वाऱ्याबरोबर वाहत निघाली. गुलाम रसूल यांनी बटण दाबले. माझा दिवा लागला, विझला, परत लागला. निरोप काही गेला नाही. दीड दिवसाने दुसरी बोट योगायोगाने तिकडून आली, म्हणून बोटीवरची सहाही माणसे वाचली.

घरी येताच त्यांनी मला टेबलावर आदळले. "फेकून दे गो ह्याला, समरीन. वेळेवर बोललाच नाय."

समरीन त्यांची मुलगी. सॉफ्टवेअरचे काम ती घरूनच करते. ती म्हणाली, "अब्बा, ह्याला बनवणारा कारखाना तर बंद झालाय. पण असेच डबे अजून चाळीस बोटींवर आहेत. हा का बोलला नाही ते कळायला हवं."

तिने मला तारेने लॅपटॉपला जोडले. लॅपटॉपवर डीबगर नावाचा, कोणालाही वाचता-बदलता येणारा प्रोग्राम होता. तो दुसऱ्या यंत्राला दुरून प्रश्न विचारतो आणि त्याच्या पोटात काय चालले आहे ते दाखवतो. त्याने विचारले, मी उत्तर दिले. पण मी मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झालो, की डीबगरच कोसळायचा. पडद्यावर दरवेळी तीच ओळ यायची: असर्शन फेल.

असर्शन म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याने घातलेली अट. 'इथे अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे, नसेल तर पुढे जाऊ नकोस.'

कंटाळून समरीनने ती अटच काढून टाकली. डीबगर कोसळायचा थांबला, पण खोटे बोलू लागला. दोन दिवस ती नसलेली चूक शोधत राहिली. मग कपाळावर हात मारून म्हणाली, "तो बिचारा सावध करत होता, आणि मी त्याचंच तोंड बांधलं!" तिने अट परत जागेवर ठेवली आणि डीबगरमधला दूरच्या यंत्राशी बोलणारा भाग पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

तो भाग परदेशातल्या आणि इथल्या किती अनोळखी माणसांनी वर्षानुवर्षे लिहिला होता! त्या हजारो ओळींतून ही मुलगी एकटी वाट काढत गेली. अकराव्या दिवशी तिला सापडले. मी बंद पडलो, की डीबगर माझी नोंद पुसत असे, पण माझे आधीचे एक उत्तर रांगेत तसेच राही. पुढे ते उत्तर हाती आले, की ते कोणाचे हेच त्याला कळेना. समरीनने चार ओळी लिहिल्या: नोंद पुसण्याआधी ते शिळे उत्तर टाकून दे.

तिने मला मुद्दाम तीस वेळा बंद पाडले. डीबगर एकदाही कोसळला नाही. मी थक्क झालो. त्या ओळी तिने डीबगर सांभाळणाऱ्यांना पाठवल्या आणि त्यांनी त्या स्वीकारल्या.

आता माझा दोष उघड झाला. माझा अँटेना गंजला होता. ठिकाण मिळेपर्यंत मी नुसता थांबून राही. माझ्यातले पहारेकरी घड्याळ मी झोपलो असे समजून मला पुन्हा सुरू करी आणि मी पुन्हा थांबायला लागे. समरीनने अँटेना बदलला आणि मला शिकवले: आधी शेवटचे माहीत असलेले ठिकाण कळव, नवे मिळाले की मग ते कळव.

एका सकाळी गुलाम रसूल मला घेऊन समुद्रात गेले. किनारा धूसर झाल्यावर त्यांनी बटण दाबले. क्षणात त्यांचा फोन वाजला.

"अब्बा, दिसलात! नकाशावर अगदी बरोबर दिसलात!"

 ते बोटाने माझ्या डब्यावरचे मीठ पुसत म्हणाले, "हजारो ओळी वाचल्यास ना गो तू. चार ओळींसाठी."

आजपर्यंत एकोणचाळीस डबे दुरुस्त झाले आहेत. चाळिसावी बोट परवा किनाऱ्याला लागेल. समरीनने ती बोट हाकणाऱ्या तांडेलाला निरोप धाडून ठेवला आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे यंत्र अडून बसत असेल. त्याला आपटू नका आणि त्याचा धोक्याचा दिवाही बंद करून ठेवू नका. त्याच्याजवळ बसा. त्याला काय सांगायचे आहे ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.