माहेर सुरत

ज्योतीला श्रावणात झटका आला. दीपनगरच्या कॉलनीतल्या घरात सकाळी तुळशीला पाणी घालताना ती खाली कोसळली. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. पाय पुढे बराच सुधारला, काठी धरून ती चालायला लागली. जळगावला वाचेचे उपचारही थोडे दिवस झाले आणि मध्येच सुटले, पण बोलणं मात्र परत आलं नाही. तोंडात एकच शब्द उरला, "पाणी". भूक लागली तरी पाणी, पंखा बंद करायचा असला तरी पाणी, नातू खाटेवरून पडायला आला तरी पाणी. घरातलं कुणीतरी धावत पेला घेऊन यायचं आणि ती डाव्या हातानं तो लोटून द्यायची.

मी दीपमाला. यावलच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ज्योती, मी आणि धुळ्याची वृषाली अशा आम्ही तिघी बालमैत्रिणी. यावल, दीपनगर, धुळे ही आमची सासरं. वाढलो आम्ही सुरतेत. आमचे वडील तरुणपणी खानदेशातून कापडाच्या लूमवर कामाला तिकडे गेले आणि लिंबायतच्या एका चाळीत राहिले. एका भिंतीपलीकडे वृषाली, दुसरीपलीकडे ज्योती. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि गल्लीत गुजराती. कुठली भाषा कुठे संपते हे आम्हाला कधी कळलंही नाही. लग्नं झाली तशा एकेक करून इकडे आलो. नंतर आईवडील गेले, खोल्या दुसऱ्यांच्या झाल्या, भाऊ पांगले. सुरतेत आमचं म्हणावं असं कुणी उरलं नाही.

पण बाईला माहेर लागतंच. म्हणून दिवाळी झाली की आम्ही तिघी सुरतेला जातो. स्टेशनजवळच्या लॉजवर उतरतो, सकाळी उठून लोचो खातो, जुन्या गल्लीत चक्कर मारतो, संध्याकाळी तापीकाठी बसतो. दरवर्षी शहर ओळखू येईनासं होतं. जिथे बोरीचं झाड होतं तिथे पूल, जिथे पटांगण होतं तिथे सात मजली मार्केट. वृषाली हळहळते, मी गोंधळते. ज्योती मात्र कधी चुकायची नाही. पदर खोचून पुढे चालायची आणि मागे वळून ओरडायची, "अरे चला ना, म्हाताऱ्या झाल्या का?"

यंदा अर्थातच कुणी विषय काढला नाही. दिवाळीनंतर मी आणि वृषाली तिला भेटायला दीपनगरला गेलो. ज्योतीच्या नवऱ्याला आम्ही अभिमनभाऊ म्हणतो. वीज केंद्रातून निवृत्त झालेले, अतिशय सज्जन माणूस. त्यांनी ज्योतीला खुर्चीत बसवलं, गळ्याशी नॅपकिन बांधला, दुधात भाकरी कुस्करली आणि चमच्यानं भरवू लागले. ज्योती भिंतीकडे बघत गिळत होती.

"आता हीच आमची दिनचर्या, ताई," ते मला म्हणाले. "तिला काही कळतं की नाही, तेही समजत नाही."

"कळतं हो तिला सगळं," मी म्हणाले.

"तुम्ही म्हणता तर असेल."

चहा झाला. आम्ही निघायला उठलो तर ज्योती खुर्चीत नव्हती. आतल्या खोलीतून काठीचा आवाज आला. ती डाव्या हातानं आपली निळी बॅग जमिनीवरून ओढत बाहेर आली, दारात ठेवली आणि तिच्याशेजारी उभी राहिली. नेहमी सुरतेला न्यायची ती बॅग. आत काय भरलं होतं कोण जाणे, एक साडीचा काठ चेनमधून बाहेर लोंबत होता.

"आई, काय हे?" तिचा मुलगा भूषण म्हणाला. "या अवस्थेत कुठे जायचं?"

"पाणी," ज्योती म्हणाली. मग पाय आपटून, "पाणी! पाणी!"

कुणी पाणी आणायला उठलं नाही. पहिल्यांदाच सगळ्यांना कळलं होतं ती काय म्हणते ते.

वाद बराच झाला. भूषणचं म्हणणं होतं, गाडीत काही झालं तर काय करायचं? तेही खोटं नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "मी नर्स आहे. तिची औषधं मला माहीत आहेत. दोन दिवस जाऊ आणि परत आणून सोडते." अभिमनभाऊ म्हणाले, "मग मीही येतो." त्यावर ज्योतीनं डावा हात त्यांच्या छातीवर ठेवला आणि त्यांना हळूच मागे ढकललं. भाऊंचा चेहरा उतरला. पण ते म्हणाले, "बरं. जा बाई."

वृषाली रजा टाकायला धुळ्याला परत गेली आणि चार दिवसांनी मी ज्योतीला घेऊन भुसावळहून गाडीत बसले. वृषाली धुळ्याहून नरडाण्याला येऊन चढली, हातात कळण्याच्या भाकरी आणि ठेच्याचा डबा. ज्योतीला बघताच तिनं अहिराणी सुरू केली. "कशी शे व माय? आते दखजो, सुरतनं पाणी लागनं का बठ्ठं बरं व्हई जाई." सुरतेचं पाणी लागलं की सगळं बरं होणार म्हटल्यावर ज्योती हसली. भाकरीचा तुकडा तिनं डाव्या हातानं मोडला, ठेच्यात बुडवला आणि स्वतःच खाल्ला. तिखट लागलं तशी नाक ओढत आणखी मागितला. मी बघत राहिले.

सुरतेत दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौकात जायला रिक्षा केली. तिथून नदी जवळ, ज्योतीला फार चालावं लागणार नव्हतं. मेट्रोच्या कामासाठी रस्ते जागोजाग खोदलेले, पत्रे ठोकलेले. दिल्ली गेटपर्यंत रिक्षा नीट आली. पुढे रिक्षावाल्यानं भागळवरून जाणारा ओळखीचा रस्ता सोडला आणि भलतीकडेच वळवली. मी आणि वृषाली गप्पांत होतो, आमचं लक्षही नव्हतं.

"ओ भाई! क्यां लई जाय छे? भागळ तो आ बाजु!"

मी आधी बाहेर बघितलं. मला वाटलं शेजारच्या रिक्षातली बाई ओरडली. मग वृषालीनं माझा दंड घट्ट धरला. ज्योती पुढे वाकली होती आणि डावा हात बाहेर काढून रस्ता दाखवत होती.

रिक्षावाला तरुण होता. मागे न बघताच म्हणाला, "मासी, आगळ बधुं खोद्युं छे. रस्तो बंध छे."

"तो पाछळथी ले ने!" ज्योती तडकली.

शब्द जरा ओढल्यासारखे, जड जिभेचे होते. पण शब्द होते, एकामागून एक, जागच्या जागी बसलेले. वृषाली रडायलाच लागली. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं आणि घाबरून रिक्षा कडेला घेतली. "शुं थयुं, मासी? हुं पाछळथी लई जाउं छुं, रडो नहीं."

"ज्योती, बोल! आखो बोल ना व, अजून बोल!" वृषालीनं तिचे खांदे धरले. "मनं नाव काय शे? सांग बरं, मनं नाव?"

ज्योतीनं तोंड उघडलं. ओठ हलले. कपाळावर घाम आला. "पा... पाणी," ती म्हणाली आणि तिचा चेहरा असा पडला की मला बघवेना.

मी दवाखान्यात इतकी वर्षं काढली, असले रोगी पाहिले, पण तेव्हा जे सुचलं ते नर्स म्हणून सुचलं नाही. लहानपणी नळावर भांडण झालं की मी तिला जसं विचारायची तसंच विचारलं, "शुं थयुं, ज्योती?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "थाकी गई," ती म्हणाली.

दमले. श्रावणापासून पोटात धरलेला तो शब्द असावा.

नदीकाठच्या बाकावर आम्ही दुपारपर्यंत बसलो. तापी संथ होती. आमच्याच गावांजवळून वाहत येते ती, पण इथे फुगून दांडगी झालेली असते. ज्योती बोलत होती. मध्येच अडकायची, एखादा शब्द सापडायचा नाही, मग हातानं हवेत काहीतरी चाचपायची. पण बोलत होती. वृषाली धुळ्याला शाळेत शिकवून शिकवून गुजराती विसरत चाललेली, तिला मध्येमध्ये मी मराठीत सांगायची.

ज्योती म्हणाली, शब्द आत असतात, गर्दी करून उभे असतात, पण दार उघडत नाही. ती म्हणाली, मला वाटलं मी वेडी झाले. म्हणाली, सगळे माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलतात, जशी मी कपाट आहे. सून कामिनी चांगली आहे, तीच एकटी मला विचारून पंखा लावते. आणि मग एकदम रागावून म्हणाली, "रोज दूध! सवारे दूध, सांजे दूध! मने दूध नथी भावतुं!"

आम्ही दोघी हसत सुटलो. हसता हसता डोळे पुसले. ज्योतीला लहानपणापासून दुधाचा वास सहन होत नाही, हे चाळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

हसणं थांबलं तशी ती शांतपणे म्हणाली, "मारे पाछुं नथी जवुं."

"काय म्हणते?" वृषालीनं विचारलं.

"म्हणते, मला परत जायचं नाही."

 नदीवर एक नाव चालली होती, तिच्याकडे आम्ही तिघी बघत बसलो. मग वृषाली म्हणाली, "राहू दे ना तिला. मी रजा वाढवते. महिनाभर खोली घेऊन राहू."

"आणि महिन्यानंतर?"

"नंतरचं नंतर! इथे ती माणूस आहे, दीपा. तिथे काय आहे?"

वृषालीचं बोलणं मला लागलं, कारण ते खरं होतं. पण अभिमनभाऊंचा तो उतरलेला चेहराही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. तो माणूस रोज उठून भाकरी कुस्करत होता. चुकत होता, पण मनापासून करत होता. मी ज्योतीला गुजरातीत विचारलं, "भाऊंशी बोलशील?" तिनं नदीकडे तोंड फिरवलं. मग मान डोलावली.

मी फोन लावला आणि तिच्या कानाला धरला.

"हॅलो, ताई, बरी आहे ना ती?" भाऊंचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"हुं बोलुं छुं," ज्योती म्हणाली.

 पलीकडून अगदी बारीक आवाजात, "कोण?"

"हुं. ज्योती."

फोन बंद झाला. आम्हाला वाटलं लाइन गेली. परत लावला तर उचलेनात. शेवटी भूषणनं उचलला आणि म्हणाला, "मावशी, बाबा कपडे घालताहेत. स्टेशनवर निघाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लॉजवर आले. रात्रभर गाडीत बसून, दाढी वाढलेली. ज्योती पलंगावर बसली होती. ते दारातच थांबले. गाडीत कुणा गुजराती सहप्रवाशाकडून एक वाक्य घोकून आले होते, ते त्यांनी म्हटलं, "ज्योती, तू केम छो?"

"तुं केम छे," ज्योतीनं चूक काढली.

भाऊ तिथेच खाली बसले, चपला पायात तशाच. त्यांच्या तोंडून आपोआप गावाकडची बोली आली. "माले समजाव नही, पण तू बोल. तू बोलत ऱ्हाय."

ती बोलली. मी मध्ये बसून एकेक वाक्य मराठीत सांगत होते. कपाटाचं सांगितलं तेव्हा भाऊ मान खाली घालून ऐकत राहिले. भरवायला नको, माझा डावा हात चालतो, हे सांगितलं. दुधाचं सांगितलं तेव्हा त्यांनी चमकून वर बघितलं.

"इतकी वर्षं संसार केला, मला कधी बोलली नाही की दूध आवडत नाही!"

मी ते ज्योतीला सांगायची गरज नव्हती, तिला मराठी सगळं कळतच होतं. ती म्हणाली, "कदी पूछ्युं?"

कधी विचारलंत? मी हे भाषांतर करावं की नाही, या विचारात पडले. पण भाऊंना कळलं होतं. ते हळूच म्हणाले, "नाही विचारलं. खरं आहे."

त्या दिवशी ते दोघं तापीकाठी फिरायला गेले, आम्ही लॉजवर थांबलो. काय बोलले, कसे बोलले, आम्हाला माहीत नाही. संध्याकाळी परत आले तेव्हा ज्योतीनं स्वतःच आपली बॅग भरायला घेतली. वृषालीनं विचारलं, "जायचं?" ज्योती म्हणाली, "हा. पण पाछुं आववानुं." पण परत यायचं. भाऊंनी मान डोलावली, जणू अट त्यांनाच घातली होती.

मध्येच सोडून दिलेले जळगावचे उपचार भाऊंनी पुन्हा सुरू केले. तिथल्या स्पीच थेरपीच्या बाईंना आम्ही सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, दोन-तीन भाषा येणाऱ्या माणसांचं कधीकधी असं होतं, एक भाषा आधी परत येते. जे दार उघडलंय तिथूनच आत जाऊ, बाकीची उघडतील तेव्हा उघडतील. फार आशा लावू नका असंही म्हणाल्या. ते बरोबरच होतं. ज्योतीचा उजवा हात तसाच आहे. काही दिवस असे जातात की कुठल्याच भाषेतला शब्द बाहेर पडत नाही, मग ती दार लावून बसते. पण घरात आता भूषण आणि कामिनी मोबाइलवर गुजराती शिकतात, चुकीचं बोलतात, आणि नातू त्या दोघांपेक्षा लवकर शिकला आहे.

परवा दुपारी ड्युटीवर असताना कामिनीचा फोन आला. दम लागल्यासारखी बोलत होती.

"मावशी, आई मला रागावल्या."

"अगं, मनाला लावून घेऊ नकोस. आजारी माणूस..."

"तसं नाही हो! मी पोळ्या करत होते, एक करपली. मागून आल्या आणि रागावल्या. मराठीत!"

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, 'गॅस बारीक कर.'"

मी वॉर्डातल्या खुर्चीत बसले. कामिनी पलीकडे हसत होती की रडत होती, समजत नव्हतं. मी तिला म्हटलं, "मग केलास का बारीक?"

"नाही ना," ती म्हणाली, "मी तशीच उभी राहिले, आणि दुसरीपण करपली."