तिच्या रहाटाचा आवाज

कुणीतरी माझं नाव सांगितलं आहे. त्याशिवाय माझी बदनामी थेट दिल्लीपर्यंत पोचली नसती. ज्याने सांगितलं, त्यानेही आधी माझ्याच पाण्याने घसा ओला केला असेल आणि मग तोंड उघडलं असेल.

मी बावडी बोलतेय. मूर्तिजापूरच्या अलीकडे, शकुंतला रेल्वेगाडीची शिटी ऐकू येईल एवढ्या अंतरावर एक गाव आहे, तिथली मी पायऱ्यांची विहीर. खुशालराव पाटलांच्या पणजोबांनी मला बांधलं. काळा घडीव दगड, रुंद पायऱ्या, वर चिंचेची सावली. इतर विहिरींत लोक वाकून बघतात, माझ्यात लोक उतरून येतात. बाया गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या, घागर आडवी करायच्या, ती भरेपर्यंत सासूच्या कागाळ्या करायच्या. साऱ्या गावाच्या पावलांची मला ओळख होती.

साऱ्या म्हणजे, ज्यांना उतरायची मुभा होती त्यांच्या.

नाल्यापलीकडच्या देवमनच्या वस्तीला ती नव्हती. त्या बाया चिंचेखाली रिकाम्या घागरी ठेवून उभ्या राहायच्या. एखाद्या पाटलीणबाईला दया आली तर वरून धार धरली जायची. नाही आली तर त्या उभ्याच. मला त्यात काही वावगं वाटत नसे. कुणीतरी आपली वाट बघत उभं आहे, याचा उलट मला माज होता.

छप्पन सालच्या दसऱ्याला ती वस्ती नागपूरला गेली आणि बौद्ध होऊन परत आली. त्यानंतर चिंचेखाली एकही घागर आली नाही.

मला वाटलं, येतील. न येऊन जातील कुठे? पण नाल्यापलीकडून कुदळीचा आवाज येऊ लागला. देवमन रेल्वेच्या रुळांवर गँगमध्ये कामाला होता, दगड फोडायची त्याच्या हाताला सवय होती. दिवसभराचं काम संपवून तो आणि वस्तीतले लोक खणायचे. आधी मुरूम लागला, मग खडक, मग पाणी. मी मनातल्या मनात हसले. अरुंद, गोल, पायरीचा पत्ता नाही. पायऱ्यांना दगड लागतो आणि दगडाला ऐपत. त्यांनी नुसता कमरेएवढा कठडा बांधला आणि वर लाकडी रहाट बसवला. उन्हाळ्यात आटेल, असं मी धरून चालले.

पंचवीसेक वर्षं झाली, ती आटली नाही. रोज पहाटे तिचा रहाट करकरायचा आणि माझ्या दगडादगडातून कळ जायची. बाईच्या दारासमोरून सवतीची वरात रोज जावी, तसं ते होतं.

माझा दिलासा एकच होता. दुर्गाबाई.

दुर्गाबाई ही खुशालरावांची बायको. तिच्या पायाला नारू होता. तुम्ही पाहिला नसेल तर सांगते. आधी घोट्यावर फोड येतो, आग आग होते, मग फोड फुटून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंतू बाहेर डोकावतो. कपाशीच्या पऱ्हाटीच्या काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजतो, आखडतो. दुर्गाबाईचा गेल्या साली तुटला होता. तेव्हापासून तिचा उजवा गुडघा सरळ होत नव्हता. यंदा डाव्या पायातून दुसरा निघाला.

ती एकेक पायरी बसत बसत उतरायची आणि दोन्ही पाय माझ्यात सोडायची. "माय वो, जीव गार झाला," म्हणायची. मी फुलून यायचे. त्या कठडेवालीला कुणाचा पाय निववता येईल का? गावातल्या घराघरात नारू होता आणि ज्याला आग व्हायची तो माझ्याकडेच यायचा. ऐन पेरणीच्या तोंडावर गडीमाणसं बाजेवर पडून असायची. त्यांच्या बायकांनी न्यायचं पाणी माझंच.

या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्यतृतीयेनंतर, दुर्गाबाईच्या घरात सून आली, माणिकबाई. परतवाड्याकडची, काटक, पायांत जोडवी, दोन दोन पायऱ्या एकदम उतरणारी. दुर्गाबाई तिच्या पायांकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, "माणिक, माह्यं तं झालं वो. पण तुह्ये पाय असेच राह्यले पाह्यजेत."

आणि मग तो आला. गोवर्धन, हिवतापाच्या कामावरचा माणूस. पंधरवड्याला सायकलवरून यायचा, दारोदार ताप विचारायचा. यंदा त्याला वरून नवं काम लागलं होतं. देशात कोणकोणत्या गावात नारू आहे ते दिल्लीला हवं होतं. ज्या घरात नारू, त्या घराच्या भिंतीवर तो गेरूची फुली मारायचा.

खुशालरावांनी त्याला माझ्या काठावरच गाठलं. "इकडं काय फुल्या मारून राह्यले, साहेब? नाल्यापल्याड जा. सारी घाण तिकडं. नारू तिकडूनच येते."

मलाही तसंच वाटत होतं. खरं सांगू? तसंच असावं असं वाटत होतं. गोवर्धनलाही पटलं. त्याने गेरू भरपूर कालवून घेतला आणि नाला ओलांडला.

आवाज माझ्यापर्यंत येत होते. दारामागून दारं उघडत होती आणि फुली एकही पडत नव्हती. गोवर्धनला संशय आला. "लपवू नका," तो चिडून म्हणाला, "सगळ्यांनी बाहेर या."

देवमनचं हसणं मला ऐकू आलं. "पाय लपवाले काय खिशात राह्यते, साहेब? हे घ्या. हा माह्या, हा बुढीचा, हा बैलाचा. पाहून घ्या."

गोवर्धनने पाहिले. धड पाय, साफ घोटे. तो गेरूचं भांडं तसंच भरलेलं घेऊन परत आला. नाल्याच्या अलीकडे भिंतीभिंतीवर लाल फुल्या आणि पलीकडे कोऱ्या भिंती. साऱ्या गावाला ते डोळ्यांनी दिसत होतं.

मग तो माझ्या पायऱ्या उतरला. काचेची बाटली बुडवून त्याने उन्हात धरली. पाण्यात पांढरे, बारीक ठिपके उड्या मारत होते.

"पान्यात किडे तं असतेच," खुशालराव म्हणाले. "तेही देवाचेच जीव."

"नारूचा पाय पाण्यात पडला की जंतू त्यातून पिल्लं सोडतो," गोवर्धन म्हणाला. "ती पिल्लं हे ठिपके गिळतात, ठिपके तुम्ही गिळता. वर्षाने तुमच्या पायातून नवा नारू निघतो. तुमच्या बावडीत पाय बुडतो, पाटील. त्यांच्या विहिरीत फक्त बादली बुडते. एवढाच फरक आहे. पायऱ्या बुजवा, कठडा बांधा, रहाट लावा. तोवर पाणी दुहेरी फडक्याने गाळा, नाही तर नाल्यापलीकडून आणा."

"पायऱ्या माह्या पणज्याच्या हायेत. अन् त्या वस्तीतून पानी? तुमी सायकल घ्या अन् निघा."

मी खुशालरावांवर खूश व्हायला हवं होतं. झाले नाही. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. माझ्यावर एवढे पहारे बसवले आणि पहारेकऱ्यांनी पाय तेवढे वगळून सारं पाहिलं. ज्यांचे घोटे साफ, त्यांना चिंचेखाली उभं केलं. ज्यांच्या घोट्यातून दोरा लोंबत होता, त्यांना मानाने खाली आणलं. पुस्तकं शिकलेल्यांनीही हे पिढ्यान्पिढ्या चालू दिलं. आणि आता बदनाम कोण? मी. आणि कौतुक कोणाचं? तिचं, जिच्याकडे एक पायरी नाही! बाधा व्हावी म्हणून मी पाणी धरलं नव्हतं. पायऱ्या मी मागितल्या नव्हत्या.

आज सकाळचं सांगते. माणिकबाईने घागर बुडवली. दोन हातांवर कुणी म्हातारी ठणकता पाय पाण्यात सोडून बसली होती, काडीला गुंडाळलेला दोरा लोंबत होता. दुर्गाबाई वरून बघत होती; गोवर्धनचं बोलणं तिच्याही कानावर गेलं होतं. इतकी वर्षं ती स्वतः तशीच बसली होती. ती एकदम ओरडली, "माणिक! सांडून दे थे!"

"भरली न, मामीजी."

"सांडून दे म्हन्लं न!"

घागर माझ्याच पायरीवर पालथी झाली. माझं पाणी माझ्याच दगडावरून ओघळत परत माझ्यात आलं. असा अपमान मला ठाऊक नव्हता.

"मामंजी रागावतील," माणिकबाई हळूच म्हणाली.

"रागावू दे. थ्याले चालाले दोन पाय हायेत."

आणि दुर्गाबाई निघाली. आखडलेला गुडघा ओढत, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून, नाल्याच्या दिशेने.

मी अजून इथे आहे. पायऱ्यांसकट, चिंचेसकट. मेहरबानी करा, मला बुजवायचं तर पूर्ण बुजवू नका. पायऱ्या काढून घ्या, मी ओरडणार नाही. फक्त त्या पलीकडच्या विहिरीला आहे तसा कठडा मला द्या, आणि तिच्याहून मोठा आवाज करील असा एक रहाट द्या. तेवढ्यावर मी जगेन. मत्सर जाईल की नाही, ते सांगता येत नाही.

पण पलीकडे काय झालं तेही सांगायला हवं, कारण मी कान देऊन ऐकत होते. पावलं थांबली. दुर्गाबाई त्या विहिरीच्या कठड्यापर्यंत गेलीच नाही. बरीच अलीकडे थांबली, घागर खाली ठेवली आणि मुकाट उभी राहिली, जशा त्या बाया माझ्या चिंचेखाली उभ्या राहायच्या तशी. कुणीतरी वरून धार धरील, याची वाट बघत.

रहाट थांबला. देवमनची बायको जाईबाई पाणी ओढत होती. तिचा आवाज आला.

"तिथं काहून उभ्या राह्यल्या, पाटलीनबाई? वरून वाढाची रीत तुमच्या बावडीवर व्हती. इथं ज्याची घागर त्यानं दोर ओढाव. या, पुढं या."