आईनेच केलेली तक्रार

लेकीसाठी शिवलेला नवा एप्रन घेऊन आई न कळवताच वसतिगृहात आली. शिवणकामावर घर चालवणारी बाई. लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला पोचली याचं तिला केवढं अप्रूप! वरच्या मजल्यावर हसण्याखिदळण्याचा गलका चालला होता. त्यात लेकीचं हसू तिने लगेच ओळखलं.

तिने दार लोटलं. एक किरकोळ अंगाची मुलगी पलंगाखालून सरपटत बाहेर येत होती. केसांत जळमटं. पलंगावर तिघी पाय हलवत बसलेल्या, मधली लेक.

"ए झुरळ, बूट राहिला माझा!" लेक म्हणाली आणि दाराकडे बघून ताडकन उठली.

आईने मुलीला हात देऊन उठवलं. "नाव काय बाळा तुझं?"

मुलीने आधी लेकीकडे पाहिलं. "झुरळ," ती पुटपुटली.

आई तशीच जिना उतरू लागली. लेक मागे धावली.

"अगं, गंमत असते ही. गेल्या वर्षी मलाही उन्हात उभं केलं होतं."

"मला बोलली नाहीस."

"बोलून काय केलं असतंस?"

"आता करतेय तेच."

"आई, माझं वर्ष जाईल! तू माझी आई आहेस की तिची?"

आई रेक्टरच्या दारापर्यंत गेली, मागे फिरली, पुन्हा गेली.

"मुलींचं आपसात मिटवू," रेक्टरबाई म्हणाल्या.

"नको. माझीच मुलगी आहे त्यात. तक्रार घ्या."

चौकशी झाली. वर्ष वाचलं, पण तिघींना वसतिगृह सोडावं लागलं. लेक घरून जाऊ-येऊ लागली. आईशी चकार शब्द बोलेना. "घरातच झापायचं होतंस," मावशीनेही सुनावलं. आई मशीनवर बसे, चार टाके घाली, उठे, खिडकीशी जाई. आपणच पोरीच्या मुळावर उठलो का?

एका संध्याकाळी लेक येऊन मशीनपाशी उभी राहिली.

"ती मुलगी कॅन्टीनमध्ये दिसली. मला बघून भरलं ताट टाकून उठली. माफी मागायला मागे गेले, तर पळतच सुटली गं. एवढी घाबरते मला?"

"हो."

"मग काय करू?"

"मागे धावू नकोस. भीती जायला वेळ लागतो."

"आणि नाहीच गेली तर?"

आईने मशीन थांबवलं आणि सरकून लेकीला बाकावर जागा दिली.