पन्नास टक्के बोटी

तारकर्लीच्या खाडीकाठी एका शेडमध्ये नौदलासाठी गस्तीच्या चार फायबरच्या बोटी बनत होत्या, आणि त्या कितपत बनल्या हे कागदावर मांडायचं काम रिशेलचं होतं. काम देणाऱ्या मोठ्या कंपनीने बजावलं होतं: महिनाअखेर प्रगती चाळीस टक्क्यांच्या खाली दिसली, तर बोटी दुसऱ्याकडे जातील. एकच बोट हाती घेतलेली, म्हणून गेल्या महिन्याचा आकडा निघाला होता साडेबारा. रिशेलची झोपच उडाली. शेडमधल्या सव्वीस माणसांची पोटं त्या आकड्यावर होती.

खर्च आणि मुदत मोजण्याचे कंपनीचे नियम दोनशे पानांचे. चौथ्यांदा वाचताना तिला हवं ते वाक्य सापडलं: बोट सुरू झाली की तिच्या प्रगतीचं निम्मं श्रेय, उरलेलं ती पुरी झाल्यावर. म्हणजे चारही सुरू केल्या की पन्नास टक्के! तिने पुन्हा वाचलं. नियमात चोख बसत होतं.

मुख्य कारागीर बाबलीकाकांना सांगताना मात्र तिची जीभ अडखळली. त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता एकच: सगळे हात एका बोटीवर, ती पुरी झाली की दुसरी. फायबरचा थर फार दिवस उघडा राहिला, त्यावर दमट हवा आणि धूळ बसली, की पुढचा थर धरत नाही.

"चार बोटींक पुरतीत इतके हात खंय आसत?" त्यांनी विचारलं. तिने नियम दाखवला. ती शिकलेली, म्हणून त्यांनी ऐकलं. बोटीचे आणखी दोन साचे गोव्याहून भाड्याने आले आणि आठवड्यात चारही बोटी सुरू झाल्या. मग सगळंच रखडलं. एका सकाळी काकांनी नखाने खरवडलं, तर थर कांद्याच्या सालीसारखा सुटला. तो तुकडा त्यांनी तिच्या हातावर ठेवला. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

कंपनीचे तपासनीस आले, फाइल पाहून खूश झाले. काम वेळेच्या पुढे आहे म्हणून पहिल्या दोन बोटी देण्याची तारीख त्यांनी महिनाभर अलीकडे ओढली.

"साहेब, चारही नुसत्या सुरू केल्यात," रिशेल म्हणाली. "थर सुटतायत. एकही पुरी व्हायच्या जवळ नाही."

त्यांनी चष्मा काढला, नियमाचं ते पान उघडून सावकाश वाचलं.

"तुम्ही लावलेला अर्थ बरोबर आहे. नियमाने आकडा पन्नासच येतो. तो मला बदलता येणार नाही."

आकडा आणि नवी तारीख लिहिलेल्या कागदावर त्यांनी सही केली आणि तो तिच्यापुढे सरकवला. सव्वीस माणसं तिच्या डोळ्यांपुढून गेली. तिनेही सही केली.

बाबलीकाका दाराशीच उभे होते.

"काय म्हणालो सायब?"

"सायब म्हणालो, आमचा बरोबर आसा."

काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा साच्यांकडे.

"मगे बोटी खंय आसत गो?"

"नाय आसत, काका," एवढं म्हणताना रिशेलला रडू फुटलं.