चकचकीत फळा

मी बातम्या विकतो, आणि बातमी मथळ्यावर विकली जाते. नालवाडीतल्या एका खोलीतून मी एकटाच जिल्ह्याचं ऑनलाइन बातमीपत्र चालवतो. वाचकानं बोट लावलं तर जाहिरात दिसते, जाहिरात दिसली तर माझी चूल पेटते. मथळ्यातच सगळं सांगून टाकणं म्हणजे आपल्याच पोटावर पाय. या शहाणपणाचा मला भारी अभिमान होता.

माझी धाकटी बहीण मंजुषा रोहण्याच्या पुढच्या एका लहान गावात पाचवीला शिकवते. गावाचं नाव सांगत नाही. मी त्याला आधीच नको तेवढी प्रसिद्धी दिली आहे. दिवाळीनंतर तिच्या वर्गातल्या मुलींचे गणिताचे गुण एकदम घसरले. सहकाऱ्यांनी नेहमीचंच सांगितलं, पोरींना गणित जमत नाही. मंजुषा पहिल्यापासून हट्टी. ती वह्या घेऊन बसली, तेव्हा दिसलं की मुलींची रीत बरोबर होती, फळ्यावरून उतरवलेले आकडेच चुकले होते. तीनचे आठ झाले होते, शून्याचे सहा.

मग ती स्वतः मुलींच्या जागेवर जाऊन बसली. आमच्याकडे वर्गात मुली दाराकडे बसतात आणि मुलं खिडकीकडे. कुणी ठरवलेलं नाही, तसंच चालत आलंय. दाराकडून तिला फळ्यावर आकडे दिसेनात, नुसती खिडकी दिसली. दिवाळीच्या सुट्टीत शाळा समितीचे अध्यक्ष रूपराव यांनी मोठ्या हौसेनं फळा रंगवून दिला होता, ट्रॉली रंगवून उरलेल्या ऑइल पेंटनं. काळाभोर, चकचकीत. खिडकीतून तिरपा आलेला उजेड फळ्यावरून तसाच तिरपा दाराकडे जायचा.

मंजुषानं महिनाभर जागा बदलून पाहिल्या. मुलींचे गुण चढले, मुलांचे पडले. मग तिनं पॉलिश पेपरनं घासून फळा खरखरीत केला, आणि दोन्हीकडचे गुण सारखे झाले. ऐकून मला तिचं फार कौतुक वाटलं.

हे सगळं तिनं दोन पानांत लिहिलं, आणि ती पानं मी बातमीपत्रात जशीच्या तशी टाकली. रंग कुणाचा, हे तिनं रूपरावांच्या वयाकडे पाहून लिहिलंच नव्हतं. मथळा मात्र माझा: ‘या वर्गातल्या मुली गणितात मागे का? कारण वाचून थक्क व्हाल!’ खाली वर्गाचा फोटो. दोन दिवसांत चाळीस हजार लोकांनी बोट लावलं. मी स्वतःला मटण खाऊ घातलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंजुषाचा फोन आला. गावात बातमी कुणी उघडलीच नव्हती. मथळ्याचा आणि फोटोचा तेवढा तुकडा मोबाईलवर फिरत होता, आणि फोटोत पहिल्या बाकावर स्वीटी होती. स्वीटी म्हणजे गोंड मोहल्ल्यातल्या जंगूची मुलगी. निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा तिचा अर्ज मंजुषानं भरून ठेवला होता. जंगूनं तो सही न करता परत पाठवला.

“उद्या शेवटची तारीख आहे, दादा,” मंजुषा म्हणाली. “तू येजो अन् तूच सांगजो त्याले.”

मी गाडीला किक मारली. वाटेत चार वेळा मनातल्या मनात मथळ्याची बाजू मांडून पाहिली, एकदाही जमली नाही.

शाळेच्या अंगणात जंगू उभा होता, शेजारी स्वीटी. शाळेची बदनामी झाली म्हणून रूपरावही आले होते, ट्रॅक्टर-ट्रॉली फाटकापाशी लावून. मी उजेड, चकाकी, कोन, सगळं समजावलं. जंगूनं शांतपणे ऐकून घेतलं.

“तुमीच छापलं ना भाऊ, पोरी मांगं हायेत म्हनून,” तो म्हणाला. “मंग फारम कायले भरा? तिथंबी सारे हासतीन तिले.”

माझ्या शब्दाची किंमत मीच घालवली होती.

तो रंग आपलाच, हे रूपरावांच्या ध्यानात आलं नव्हतं; त्यांनी मंजुषाला विचारलं, हा चकाकी मारणारा रंग आणला कुणी? मंजुषा खाली पाहू लागली. तेव्हा म्हाताऱ्याला आपला उरलेला ऑइल पेंट आठवला. मग त्यांनी तिच्या हातातला खडू घेतला, फाटकाबाहेर गेले आणि ट्रॉलीच्या मागच्या, त्याच काळ्या रंगाच्या फाळक्यावर चार आकडे लिहिले. जंगूचा दंड धरून त्याला आधी एका बाजूला उभं केलं, मग दुसऱ्या. दुसऱ्या बाजूला जंगूनं डोळे बारीक केले, मान वाकडी केली. फाळक्यावर नुसतं ऊन होतं.

“पोरी मांगं नोत्या, जंगू,” रूपराव म्हणाले. “रंग म्या देल्ला होता. चूक माही हाय.”

समितीच्या बैठकीत कधी कुणाचं ऐकून न घेणारा माणूस भर रस्त्यात हे बोलला. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

जंगू मुलीकडे वळला. “तुले दिसत नोतं त सांगतलं काऊन नाई?”

“मले वाटलं, सगळ्याइले असंच दिसते,” स्वीटी म्हणाली.

जंगूनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग मंजुषाकडून पेन घेतला आणि ट्रॉलीवरच अर्ज ठेवून सही केली. दुपारी मंजुषानं अर्ज दाखल केल्याचं कळवलं.

खोलीवर येऊन मी मथळा बदलला: ‘फळ्याच्या चकाकीनं मुलींना आकडे दिसत नव्हते, फळा घासताच गुण सारखे’. यात आत जाऊन वाचण्यासारखं काही उरलं नाही. आठवडाभरात दोनशे चौदा लोकांनी वाचलं. पण त्या आठवड्यात मला झोप छान लागली.

रविवारी जंगूचा फोन आला. म्हणाला, स्वीटीनं बातमी शेवटपर्यंत वाचून दाखवली, तिच्या आजीलाही पुन्हा ऐकवली.

“बेस लिवली भाऊ,” तो म्हणाला. “पयल्याच डावाले अशी काऊन नाई लिवली?”

चुकलं, म्हणालो.