माणशी एक गादी

मला एका जागी बसून विचार करता येत नाही, आणि या परीक्षेत नेमकं तेच करायचं असतं. समोरचा विचारतो, पुण्यात रोज किती इडल्या खपतात? खरं उत्तर त्यालाही माहीत नसतं. आपण लोकसंख्या धरायची, तिचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यावर एक अंदाज ठोकायचा आणि गुणाकार करत, चेहरा निर्विकार ठेवून, शेवटच्या आकड्यापर्यंत पोचायचं. कन्सल्टिंग कंपन्या माणसं अशी निवडतात. महाळुंग्यातल्या कारखान्यात मी तीन वर्षं प्लॅनिंगचे तक्ते भरत होतो. तिथून सुटायचा हा एकच दरवाजा मला दिसला होता आणि दोन फेऱ्या पार करून मी त्याच्या तोंडाशी आलो होतो.

माझा सराव सुजितने घेतला. सुजित परभणीकडचा, पत्रे दाबायच्या प्रेसशॉपमध्ये ठेकेदाराचा माणूस, कायमची थर्ड शिफ्ट. सोपानरावांच्या चाळीतल्या आमच्या खोलीत चार माणसं आणि दोन गाद्या. सुजितची आणि माझी एकच, रात्री माझी, दिवसा त्याची. सकाळी साडेसातला तो यायचा, मी उठायचो, आणि मी दात घासेपर्यंत तो उशीला टेकून मोबाइलवरचा प्रश्न वाचायचा. तळेगाव चौकात दिवसाला किती वडापाव? भोसरीत किती सलून? रात्रभर मशीनपुढे उभा राहिलेला माणूस, डोळे मिटत असायचे, तरी चुकलो की पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचा. दहावी नापास, पण माझा अंदाज कुठे पोकळ आहे ते त्याला बरोबर कळायचं. मला त्याचा राग यायचा, कारण मला ते कळायचं नाही.

शेवटची फेरी मंगळवारी सकाळी अकराला, व्हिडिओवर होती; मी रजा टाकली होती. अकरा म्हणजे सुजितची ऐन झोपेची वेळ. दुसऱ्या गादीवरचे दोघे लग्नाला गावी गेले होते, पण याला कुठे घालवणार? सोपानरावांकडे ओसरी मागितली, त्यांनी पाहुण्यांचं निमित्त करून टाळलं. मी खोलीत येरझाऱ्या घालायला लागलो तसा सुजित उठला.

"तू आत बस. मी जिन्यात बसायलो. एक दिवस न्हाई झोपलं तर काय मरत न्हाई माणूस."

मी भिंतीवरच्या खिळ्यांना धुतलेली चादर बांधली, म्हणजे मागचे डबे आणि दोरीवरचे कपडे दिसू नयेत. अर्जात पत्ता प्राधिकरणासारख्या चांगल्या वस्तीतल्या मावसभावाचा दिला होता. खोटं म्हणून नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं, पत्र नीट पोचावं म्हणून.

मुलाखत घेणाऱ्या विजयश्री मॅडम इंग्रजीत बोलत होत्या, मधूनमधून मराठीत घसरत होत्या. दहा मिनिटं इकडचं तिकडचं झालं आणि त्यांनी प्रश्न टाकला. चाकण पट्ट्यात वर्षाला किती गाद्या विकल्या जात असतील?

माझा पाय हलायला लागला. मी तीन लाख कामगार धरले. निम्मे बाहेरगावचे, भाड्याच्या खोल्यांतून राहणारे, म्हणजे दीड लाख. त्यांचाच हिशेब करतो म्हणालो. माणशी एक गादी. गादी तीन वर्षं टिकते. वर्षाला पन्नास हजार.

"माणशी एक?" मॅडम म्हणाल्या. "नक्की?"

दाराच्या फटीतून मला जिन्यात बसलेल्या सुजितची पाठ दिसत होती. हाच प्रश्न त्याने विचारला असता तर मी एव्हाना शिव्या खाल्ल्या असत्या. ज्या गादीवरून मी सकाळी उठलो होतो तीच मी हिशेबातून गाळली होती, कारण ती चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. पण इथे गप्प बसलो तर काम गेलं, हेही कळत होतं.

मी दुरुस्त केलं. रात्रपाळीवाला आणि दिवसपाळीवाला मिळून एक गादी, म्हणजे पंचाहत्तरच हजार. पण तिच्यावर दिवसरात्र कुणीतरी असतं, म्हणून तीन वर्षांची गादी दीड वर्षात बसते. वर्षाला पुन्हा पन्नास हजारच.

मॅडम खूश झाल्या. आकडा तोच आला तरी आता तो खरा वाटतो, म्हणाल्या. मग मराठीतच विचारलं, "हे कळलं कसं तुम्हाला? असं राहणारं कुणी ओळखीचं आहे?"

"नाही," मी म्हणालो. "ओळखीत कुणी नाही. कुठेतरी वाचलं होतं."

उत्तर इतक्या पटकन आलं की आधीपासून तयार असावं. जिन्यातली पाठ हलली नाही.

मुलाखत संपल्यावर सुजित आत आला. कशी झाली, त्याने विचारलं. चांगली झाली, मी म्हणालो. त्याने खिळ्यांची चादर सोडली, फरशीवर अंथरली आणि तिच्यावर आडवा झाला. गादी शेजारीच होती. मी म्हटलं, अरे वर झोप ना.

"राहू दे," तो म्हणाला. "तुझ्या ओळखीत न्हाई ना कुणी. अनोळखी माणसाच्या गादीवर कसं झोपावं?"

आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर मला भांडता आलं असतं. तो भिंतीकडे वळला आणि थोड्या वेळात घोरायला लागला. मी दारापर्यंत जात होतो आणि परत येत होतो.

दुपारी तीनला मेल आली, निवड झाली होती. ही बातमी सगळ्यात आधी ज्याला सांगायची, असं मी दोन महिने ठरवत होतो, तो फरशीवर दोन हातांची उशी करून झोपला होता. त्याला उठवायची माझी हिंमत झाली नाही.